मास्तर म्हणा

आपल्याला लोकांनी काय म्हणून हाक मारावी, यासाठी कुणी भांडतं का? वहिनी भांडल्या. आणि एवढ्याशा शब्दासाठी काय एवढं, असं ज्यांना वाटतं, त्यांनी स्वतःच्या नावाला चिकटलेलं ‘साहेब’ नाहीतर ‘डॉक्टर’ आठवडाभर काढून ठेवून बघावं. मग आपण बोलू.

वहिनी शिंप्याच्या दुकानात कामाला होत्या. दुकान भर रस्त्यावर. पुढे काच, काचेत बिनडोक्याचा पुतळा, पुतळ्याच्या अंगात कोट. मग शेठचं काउंटर, गिऱ्हाइकाला उभं करायचा आरसा, बसायचं बाकडं आणि त्यामागे एक जाडा हिरवा पडदा. खरं दुकान पडद्याच्या आत. तिथे चार मशिनं, इस्त्रीचं टेबल, खिळ्यांना लटकलेले अर्धेमुर्धे कपडे, जमिनीवर चिंध्यांचा गालिचा आणि मधोमध कमरेपर्यंत येणारं लांबलचक कटिंगचं टेबल. या धंद्यातली सगळी उतरंड त्या टेबलापासून खाली येते. मशिनवर बसतो तो कारागीर. काजं करतो तो काजवाला. इस्त्री फिरवतो तो इस्त्रीवाला. आणि उभा राहून कापतो तो मास्तर. कारण शिवण उसवता येते, कापलेलं परत अखंड होत नाही.

त्या टेबलाशी उभ्या राहून कापायच्या वहिनी. त्यांना मात्र सगळे वहिनीच म्हणत.

त्या लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत काजबटणाला म्हणून इथे आल्या. तेव्हा टेबलाशी थोरले मास्तर होते. माणूस उंच, वाकलेला, बोलण्यात कंजूष. वहिनी काजं करता करता टेबलाकडे बघत बसतात हे त्यांनी पुष्कळ दिवस पाहिलं आणि एका सकाळी खडू पुढे केला. “आख,” एवढंच म्हणाले. वहिनींनी आखलं. काही महिन्यांनी कात्री पुढे केली. पुढे त्यांची नजर अधू होत गेली तसं आखणं आणि कापणं दोन्ही वहिनींकडे आलं, आणि मास्तर गळ्यात टेप घालून पडद्याबाहेर मापं घ्यायला आणि आत ओरडून सांगायला उरले. नाव त्यांचं, हात वहिनींचा. वहिनींना त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मास्तरांची एक रीत होती. कापड बिघडलं की ते स्वतः ते हातावर टाकायचे, पडदा सारून बाहेर जायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, “माझ्या हातनं बिघडलं.” बिघडवलेलं वहिनींनी असलं, तरी हेच.

एकदा वहिनींनी एका वकिलाच्या पँटचा पार विचका केला. मास्तर बाहेर गेले. वकील तो, त्याचा धंदाच बोलण्याचा. दुकान डोक्यावर घेतलं त्यानं. मास्तर आत आले, घटाघटा पाणी प्यायले. वहिनी रडवेल्या झाल्या होत्या. “तुम्ही का गेलात? चूक माझी होती.”

“चांगलं झालं की दुकानाचं नाव होतं,” मास्तर म्हणाले, “बिघडलं की मास्तरचं. त्याचीच मास्तरकी. नुसतं कापायला काय, उंदीरही कापतो.”

मग मास्तरांच्या डोळ्यांनी पारच साथ सोडली आणि ते मुलीकडे राहायला गेले. दुसऱ्या दिवशी वहिनी नेहमीसारख्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि शेठनी खिळ्यावरचा टेप काढून स्वतःच्या गळ्यात घातला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. या गृहस्थानं जन्मात हातरुमाल कापला नव्हता. पण गिऱ्हाईक आलं, गळ्यातला टेप बघितला, म्हणालं, “काय मास्तर, कधी मिळेल?” आणि शेठ म्हणाले, “चार दिवसांत.” झालं! त्या दिवसापासून ते मास्तर.

वहिनी काही मुळूमुळू रडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्याच आठवड्यात त्यांनी शेठना गाठलं.

“शेठ, मास्तर गेले. टेबल माझ्याकडे आहे. तेव्हा मास्तर मी.”

शेठ हसले. वाईट माणूस नव्हता तो, आणि तीच पंचाईत असते. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. “अहो वहिनी, बाईमाणूस कापतंय म्हटल्यावर कोट शिवायला कोण येणार? आणि आम्ही वहिनी म्हणतो की! वहिनी म्हणजे आईच्या जागी.”

“आईला तरी कोण विचारतं?” वहिनी म्हणाल्या. “तिच्याकडून कामच करून घेतात.”

आता वहिनी हा शब्द गोड आहे, कोण नाही म्हणतंय? पण जरा निरखून बघा. कुणाची तरी बायको असल्याशिवाय वहिनी होता येत नाही. त्यात स्वतःच्या हातानं केलेलं काही नाही. वहिनी म्हटलं की जाता जाता चहा टाकायला सांगता येतो, तुटलेलं बटण लावून मागता येतं, ‘जाऊ द्या हो वहिनी’ म्हणून गप्प करता येतं. मास्तरला चहा टाकायला सांगून बघा.

वहिनींच्या घरी आणखी एक मास्तर होते. त्यांचे सासरे, अण्णा. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी दूधवाल्यापासून सगळा रस्ता त्यांना मास्तरच म्हणायचा. संध्याकाळी अण्णा खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसले होते, सासूबाई खाली लसूण सोलत होत्या. वहिनींनी पिशवी ठेवली आणि चप्पल काढता काढता विचारलं.

“अण्णा, मास्तर म्हणजे काय हो?”

अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं. “मी.”

“तुम्ही आहातच. शब्द आला कुठनं, ते विचारतेय.”

निवृत्त शिक्षकाला कुणी आपणहून काही विचारणं म्हणजे उपाशी माणसाला जेवायला बोलावणं. अण्णा खुर्चीत सरसावून बसले. शब्द इंग्रजीतून आला हे कुणालाही ठाऊक आहे, म्हणाले, पण इंग्रजांच्या तरी घरचा तो कुठे होता? तो लॅटिनमधला. मूळ शब्द मागिस्टर आणि त्याच्या पोटात मागिस, म्हणजे जास्त. दुसऱ्यापेक्षा चार गोष्टी जास्त जाणणारा तो मागिस्टर. “आपलं महा आहे ना, महाराज, महासागर यातलं, ते आणि हे मागिस एकाच आजीची नातवंडं.”

“आणि कमी असतो तो?”

“मिनुस. आपलं वजाबाकीतलं मायनस. कमी असतो तो मिनिस्टर!” अण्णांना इतकं हसू आलं की ठसका लागला. “खरंच सांगतो. मिनिस्टर म्हणजे मुळात चाकर. मास्तर मोठा, मंत्री धाकटा. हे कुणा मंत्र्याला जाऊन सांगा!”

गाडी उताराला लागली होती. जहाजाचा कप्तान मास्टर. शाळेतला मास्टर. सगळी कुलपं उघडणारी किल्ली मास्टर. जिच्यावरून बाकीच्या काढतात ती प्रत मास्टर. गुलामांच्या मालकालाही मास्टरच म्हणत. शब्दानं तेही पाप अंगाला लावून घेतलंय. मिसरूड न फुटलेल्या पोरालाही इंग्रज मास्टर अमुक, मास्टर तमुक म्हणतात.

“पोराला चालतं,” वहिनी म्हणाल्या, “आणि मला चालत नाही?”

अण्णांनी तिकडे लक्ष दिलं नाही. “आणि मिस्टर माहीत आहे? तो मास्टरच. बोलता बोलता झिजून मिस्टर झाला.”

नेमके त्याच वेळी वहिनींचे यजमान कामावरून आले. बसच्या कारखान्यात होते, कोपरापर्यंत ग्रीस. “अगंबाई,” वहिनी म्हणाल्या, “म्हणजे आमचे मिस्टर म्हणजे झिजलेले मास्तर!” यजमानांना काही कळलं नाही. ते ‘हो’ म्हणाले आणि हात धुवायला गेले. सुखी संसाराची किल्ली असलीच तर ती ही.

“आणि मिसेस?”

“मिस्ट्रेस. मास्टरचं स्त्रीलिंग.” अण्णा एकदम थांबले आणि चष्मा पुसायला लागले. “त्याला आणखी एक अर्थ आहे. तो सासऱ्यानं सुनेला सांगायचा नसतो.”

“बघा,” वहिनी म्हणाल्या. “बाप्याचा मास्तर झाला की मोठा होतो, बाईचा झाला की सांगायची लाज वाटते.”

मग त्यांनी दुकानातलं सगळं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. “शेठचं चूक आहे. पण बाईला मास्तर म्हणत नाहीत गं. आमच्या शाळेत शिक्षिका होत्या, त्यांना आम्ही बाईच म्हणायचो. त्यांना कुठे कमीपणा वाटला?”

“तुम्ही विचारलं होतं?”

अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली. नव्हतं विचारलं.

तेव्हा इतका वेळ खाली मान घालून बसलेल्या सासूबाई बोलल्या. “मला आख्खा रस्ता मास्तरीणबाई म्हणतो. मी जन्मात एक अक्षर कुणाला शिकवलं नाही. ही दुकान ओढतेय आणि ही नुसती वहिनी. कसलं डोंबलाचं लॅटिन घेऊन बसलात?”

मग अण्णांनी घसा साफ केला आणि शिक्षकाच्या आवाजात नाही, साध्या आवाजात म्हणाले, “मास्टरपीस हा शब्द ऐकलायस? पूर्वी तिकडे कारागिरानं एक वस्तू करायची. घडा, कुलूप, कोट, ज्याचं जे काम असेल ते. ती जुन्या मास्तरांपुढे ठेवायची. पसंत पडली की त्या दिवसापासून तोही मास्तर. वस्तू बोलायची, माणसाला मागावं लागत नव्हतं.”

हे वहिनींच्या डोक्यात पक्कं बसलं. मागून मिळत नाही ना, ठीक आहे. कोट बोलेल.

कोटही चालत आला. गावातल्या बड्या बँडचे बँडमास्तर. माणूस आडवातिडवा, आवाज त्याच्याच ढोलासारखा. काखेत कागदात गुंडाळलेलं मखमलीचं कापड, मरून रंगाचं. त्यांच्या बायकोनं कैक वर्षं ट्रंकेत जपून ठेवलेलं. “असलं आता मिळत नाही,” बँडमास्तर म्हणाले. “वाजवायला पुढे उभा राहीन तेव्हा हाच अंगात पाहिजे. जपून कापा, मास्तर.” शेठनी मापं घेतली आणि ती पडद्याआड ओरडून सांगितली. पोटाचं माप सांगताना गिऱ्हाइकाच्या मानासाठी आवाज जरा खाली आला.

वहिनींनी कापड टेबलावर पसरलं आणि बराच वेळ नुसता हात फिरवला. मखमलीला लव असते. एका दिशेनं हात फिरवला तर मऊ, उलट फिरवला तर अडते. कोटाचे सगळे तुकडे एकाच दिशेनं कापायचे. एखादा उलटा कापला तर तो निराळ्याच रंगाचा दिसतो. टेबलावर कळत नाही, अंगावर उभं राहिलं की कळतं. साध्या कापडात मात्र जागा वाचवायला तुकडा उलटसुलट बसवणं हे मास्तरचं रोजचं काम, आणि वहिनींचे हात तेच काम वर्षानुवर्षं करत आले होते. त्यातून हे कापड बँडमास्तरांच्या देहाला अपुरंच होतं.

पाठ कापून झाली. बाह्या झाल्या. पुढचा उजवा भाग झाला. वहिनी डावा आखायला घेणार, तोच बाहेर बँडमास्तर बटणं द्यायला परत आले.

“स्वतःच कापताय ना, मास्तर? दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका.”

“छे हो!” शेठचा आवाज आला. “कोटाला मी दुसऱ्याचा हात लागू देत नाही.”

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळे टेबलावर होते, पण कान आणि मन दोन्ही बाहेर. हात सवयीनं फिरले, अपुऱ्या कापडात डावा भाग उलटा चपखल बसला, खडू चालला, कात्री चालली.

शिवायला कोटवाले बाबा होते. सगळ्यात जुना कारागीर, कोटाशिवाय दुसरं काही शिवत नसत. ट्रायलच्या दिवशी त्यांनी कच्चे टाके घालून कोट आतल्या पुतळ्यावर चढवला आणि दोन पावलं मागे सरकले. मग त्यांनी वहिनींकडे बघितलं. उजवी छाती गडद मरून होती. डावी राख चोळल्यासारखी.

वहिनींना बसावंसं वाटलं, पण कटिंगच्या टेबलाशी स्टूल नसतं. हाच तो कोट जो बोलणार होता. बोलला तर खराच.

बाहेर बाकड्यावर बँडमास्तर येऊन बसले होते आणि बोटांनी ठेका धरत होते. शेठ आत आले, कोट बघून त्यांचा चेहरा उतरला, पण दुकानदार तो दुकानदार. त्यांनी आवाज खाली आणला. “घाबरू नका वहिनी. सांगू की शिवणाऱ्यानं घोळ घातला. गिऱ्हाइकाला काय कळतंय कापलेलं कुठलं आणि जोडलेलं कुठलं? बाबांना चार दिवस घरी बसवू म्हणजे बँडमास्तरांचंही समाधान होईल. तुमचं नाव कुठे येतच नाही. आजवर आलंय का?”

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ती अशी, अगदी प्रेमानं. कोटवाले बाबा खाली बघत होते. “घाला माझ्या नावावर, वहिनी,” ते म्हणाले. “या वयात मला काय फरक पडतो?” पण ते बोलताना त्यांनी हातातली सुई उगाचच तीनदा सुयांच्या गादीत खोचली आणि काढली.

‘तुमचं नाव कुठे येतच नाही.’ शेठ हे दिलासा म्हणून बोलले होते. वहिनींना थोरले मास्तर आठवले, वकिलाचा आरडाओरडा ऐकून आत येऊन पाणी पिणारे. इतके दिवस आपण मास्तरकी चांगल्या कोटात शोधत होतो, असं त्यांच्या मनात आलं. चांगला कोट तर शेठही स्वतःच्या नावावर खपवतात. बिघडलेला कोट मात्र कुणालाच नको आहे. तो इथे बेवारशी पडलाय, आणि तो माझा आहे.

त्यांनी पुतळ्यावरून कोट काढला, हातावर टाकला आणि पडदा सारला.

“अहो वहिनी, वहिनी,” शेठ मागून कुजबुजत आले. इतक्या वर्षांत वहिनी दुकान उघडं असताना पडद्याबाहेर आल्या नव्हत्या. उजेड एकदम डोळ्यांवर आला. आरशात त्यांना स्वतःचा खडूनं पांढरा झालेला पदर दिसला. त्यांनी कोट काउंटरवर पसरला नाही. दोन्ही खांद्यांना धरून उजेडात उभा धरला, म्हणजे चूक नीट दिसावी.

“तुमचा कोट बिघडलाय,” त्या म्हणाल्या. “मखमलीची लव एका बाजूला ठेवायची असते. डावा भाग मी उलटा कापला. कापड उरलेलं नाही आणि असं मिळत नाही, हेही मला माहीत आहे.”

बँडमास्तर उठून उभे राहिले. आधी कोटाकडे बघितलं, मग शेठकडे. “ह्या कोण? मास्तर तर तुम्ही ना?”

“नाही, म्हणजे, ह्या आमच्या वहिनी,” शेठची बोबडी वळली. “शिवणाऱ्यानं जरा...”

“शिवणाऱ्यानं मी दिलं तसंच जोडलं,” वहिनी म्हणाल्या. “त्यांचा टाका बघा, कुठे हललेला नाही. आणि शेठनी आजपर्यंत हातरुमालही कापलेला नाही. या दुकानाची मास्तर मी आहे. मागच्या कैक वर्षांत इथून गेलेला प्रत्येक कोट मी कापलाय. हाही मीच कापलाय.”

पडद्याच्या आत एकेक मशीन थांबत गेलं.

आपली अशी समजूत असते की खरं बोललं की समोरचा विरघळतो. बँडमास्तर विरघळले नाहीत. त्यांचा चेहरा कापडाच्या रंगाचा झाला आणि ते वहिनींच्या अंगावर गरजले. “मास्तर? अहो, कसल्या मास्तर हो तुम्ही! माझ्या बायकोनं जिवापाड जपलेलं कापड, मास्तर! लव कुठली, दिशा कुठली, एवढं बघता येत नाही तुम्हाला? आता तिला मी काय तोंड दाखवू, सांगा ना मास्तर!”

रस्त्यावरचे दोघं-तिघं काचेशी थांबले. वहिनी ताठ उभ्या होत्या, कोट दोन्ही हातांत तसाच उभा धरून. मखमलीचं त्यांना वाईट वाटत होतं, मनापासून वाईट वाटत होतं. त्या ट्रंकवाल्या बाईचं त्याहून. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना मास्तर म्हणत होतं, तेही अहो-जाहो करून, भर दुकानात, रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. चांगल्या कोटानं जे मिळालं नसतं ते या कोटानं मिळत होतं, आणि त्यातला एक शब्दही त्यांना खाली सांडू द्यायचा नव्हता.

शेठना वाटलं आपण सावरून घ्यावं. ते लगबगीनं मधे आले. “वहिनी, तुम्ही आत जा बरं. मी बघतो.”

वहिनींनी मानसुद्धा वळवली नाही.

“शेठ, तुम्ही मधे बोलू नका. ते मास्तरांशी बोलतायत.”

आणि मग बँडमास्तरांकडे बघून म्हणाल्या, “हं, बोला. तुमचं सगळं बोलून होऊ द्या. मी इथेच उभी आहे.”